अर्ध्या पानाची तक्रार

१२ जानेवारी

प्रिय ठमे,

मामी म्हणते, पोरगी आता चाळीस मुलांची बाई झाली, तिला पत्रात तरी ठमी म्हणू नका. चाळीस मुलांनी तिला बाई म्हणावं, मी कशाला म्हणू? खोकला कसा आहे? डोंगरातली थंडी तुला मानवायची नाही हे मी बदली झाली तेव्हाच म्हटलं होतं, पण आमचं ऐकतो कोण.

इकडे मी सध्या फार कामात आहे, आणि काम बाइंडिंगचं नाही. चौथीच्या पुस्तकात या वर्षी पहिला धडा प्रार्थनेचा घातलाय, तो पाठ करायचा आणि त्याला दहा मार्क, हे तुला ठाऊकच असेल. त्यावरून वर्तमानपत्रांत रोज रण माजलंय. सरकारी शाळेत कुणाचीच प्रार्थना नको, असं एक पार्टी म्हणते. आमचं नागरिक मंडळ म्हणतं, धडा राहिलाच पाहिजे. त्यात कुठल्याशा शाळेतल्या बाईंनी धडा बाजूला ठेवून मुलांना देव नाही असं लिहायला लावलं, वर शाबासकीही दिली. चौकशी होईपर्यंत शिक्षण खातं त्या बाईचं नाव सांगत नाही. आमच्या अर्जात दोन मागण्या आहेत: धडा कायम ठेवा, आणि त्या बाईला नोकरीवरून काढा. आजवर तीनशे बारा सह्या झाल्या, त्या सगळ्या मी दारोदार फिरून आणलेल्या. अध्यक्ष म्हणाले, तुमच्या शब्दाला या गावात वजन आहे.

तुला सांगतो, मला यात राजकारण कळत नाही. मी तिसरीत असताना माझे वडील तीन महिने दवाखान्यात होते. घरी कुणाला माझ्याशी बोलायला वेळ नव्हता. शाळेत म्हणायचो ती प्रार्थना मी रात्री पांघरुणात तोंड घालून म्हणायचो, आणि त्यावर ते तीन महिने निभले. ते दुसऱ्या पोरांना मिळू नये असं कुणी का म्हणावं?

सोबत सह्यांचा एक कोरा कागद ठेवलाय. तुमच्या शाळेतल्या मास्तर-बाईंच्या सह्या घेऊन पाठव. पहिली तुझी.

तुझा मामा

२१ जानेवारी

ती. मामा,

खोकला गेला, मफलर वापरते, मामींना सांगा.

सह्यांचा कागद कोराच परत पाठवते आहे. रागावू नका. मी सही करणार नाही आणि दुसऱ्यांकडे मागणारही नाही. वडिलांच्या आजारपणाचं तुम्ही मला यापूर्वी कधीच सांगितलं नव्हतं. ते मी दोनदा वाचलं. तुम्हाला जे मिळालं ते खोटं नाही, हे मला कळतं. पण माझ्या वर्गात सहा मुलं अशी आहेत, जी तो धडा सुरू झाला की खाली बघतात. त्यांच्या घरी देवाला वेगळ्या नावाने हाक मारतात, आणि एकाच्या घरी मारतच नाहीत. त्यांचे दहा मार्क कुठल्या हिशेबाने कापायचे?

एक विचारते. त्या बाईंशी तुमच्या मंडळातलं कुणी बोललं का? त्यांनी नेमकं काय केलं, हे तीनशे बारापैकी किती जणांनी पाहिलं?

माझं म्हणाल तर सध्या मला वर्ग नाही. हेडमास्तरांनी ग्रंथालयाची कपाटं लावायला सांगितली आहेत. खोली उत्तरेकडची, खिडकीची एक काच फुटलेली, तिथे मी पुठ्ठा लावलाय. पुस्तकांची स्थिती बघून तुमची आठवण झाली. पाठ निखळलेली, पानं बाहेर लोंबणारी. खळ आणि सुई-दोरा मागवून दहाबारा शिवलीसुद्धा.

तुमची ठमी

३ फेब्रुवारी

ठमे,

सही केली नाहीस, ठीक. सरकारी नोकर माणूस, तुला अडचण असेल, हे आधी माझ्या ध्यानात यायला हवं होतं. ग्रंथालय सोपवलं ही मात्र फार चांगली बातमी. विश्वासातल्या माणसाकडेच किल्ल्या देतात. मी शेजारी सगळ्यांना सांगितलं.

त्या बाईंशी बोललो का म्हणून विचारतेस. ते चौकशीचं काम, माझं नव्हे.

आता एक गंमत ऐक, खरं तर गंमत नाही, डोक्याला ताप. चौकशी कार्यालय सुटी पानं घेत नाही. सगळं शिवून, आकडे घालून द्यायचं. ते काम अर्थात माझ्याकडे आलं. अर्ज, सह्या, वर्तमानपत्रांची कात्रणं, आणि पुरावा म्हणून त्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीचं फाडलेलं पान. मी मजकूर वाचत नाही, तुला माहीत आहे. वाचत बसलं की शिलाई तिरकी जाते. पण पान हातात घेतलं आणि लक्षात आलं, याच्या घडीवर गंजाचे दोन ठिपके आहेत, पिनेच्या दुमडलेल्या टोकांचे. म्हणजे हे वहीच्या बरोब्बर मधलं पान. मधला कागद एकसंध असतो. डावीकडचं पान आणि उजवीकडचं पान म्हणजे एकच कागद, आणि लिहिणारा डावीकडून उजवीकडे सरळ लिहीत जातो. यांनी उजवं तेवढं आणलंय. डावं कुठे आहे?

अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, मुलीच्या वडिलांनी एवढंच दिलं, तुम्ही शिवा. मी म्हटलं, शिवतो, पण माझ्या पद्धतीने. चाळीस वर्षं झाली, पान गहाळ असलेलं पुस्तक आलं की त्या जागी मी कोरं पान घालतो आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहितो, ‘येथे एक पान असायला हवे.’ नाहीतर पुढे कुणी म्हणेल बाइंडरने खाल्लं. अध्यक्ष चिडले. म्हणाले, मामा, ही तक्रार आहे, पुराण नव्हे, तुम्ही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय. मी म्हटलं, मग दुसरा बाइंडर बघा. दुसरा या गावात नाही. कोरं पान घातलं आणि दिलं.

वीस तारखेला सुनावणी आहे. मंडळाची बस जाणार, मीही जाणार. जागा तुझ्या गावापासून दोन तासांवर आहे म्हणतात. जमलं तर परत येताना तुझ्याकडे उतरेन.

तुझा मामा

५ फेब्रुवारी

ठमाबाई,

हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकतेय, यांना ठाऊक नाही.

तुझ्या मामाला कागद दिसतो, मजकूर दिसत नाही. मला दिसतो. ते पान चार दिवस टेबलावर होतं, खाली लाल शाईत ‘छान’ आणि शेजारी बरोबरची खूण. त्या खुणेला शेपटी होती. दहा वर्षांची असताना तू आमच्या दुकानात गठ्ठे मोजायचीस आणि प्रत्येक गठ्ठ्यावर तसली शेपटीवाली खूण करायचीस. मी तेव्हा म्हणायचे, ही खूण आहे की उंदीर. वर ‘मला वर्ग नाही, कपाटं लावते’ हे वाचल्यावर राहिलं काय? मामाला वाटलं बढती झाली. शेजारच्यांनाही सांगून आले.

मी त्यांना बोलले नाही. बोलले असते तर ते कोरं पान भाचीसाठी घातलं असं जन्मभर त्यांनाच वाटलं असतं. आता घातलंय ते धंद्याला जागून. पण वीस तारखेला ते तुझ्या समोर येऊन बसतील, तुला काढा म्हणणाऱ्यांच्या बाकावर. तू सांग, त्यांना थांबवू का? पाय मुरगळला म्हणून घरी बसवते. माझ्याकडे उपाय पुष्कळ आहेत.

आणि जेवतेस ना नीट?

तुझी मामी

११ फेब्रुवारी

ती. मामी,

तुमचं पत्र ग्रंथालयातच उघडलं आणि तिथेच रडून घेतलं. दीड महिन्यात मी घरच्या कुणापाशी हे बोलले नव्हते.

झालं ते असं. धडा मी टाळला नाही, शिकवला. त्या दिवशी एका मुलीने विचारलं, आमच्या घरी हे म्हणत नाहीत, मग मी नापास का? आम्ही तिला टकळी म्हणतो, तिचं तोंड झोपेतच मिटतं. मी घरचा अभ्यास दिला: आपल्या घरातल्या एका मोठ्या माणसाला आणि दुसऱ्याच्या घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारा, भीती वाटली की तुम्ही मनात काय म्हणता. जे सांगतील ते न बदलता लिहा. टकळीने डाव्या पानावर आधी आजीची प्रार्थना लिहिली, तिला मी ‘फार छान’ दिलं. मग ती शेजारच्या वायरमनकाकांकडे गेली. ते म्हणाले, देव वगैरे काही नसतं, भीती वाटली की मी आधी फ्यूज बघतो. तिने तसंच लिहिलं. नेमकं त्यांचं बोलणं उजव्या पानावर आलं. मी ‘छान’ लिहिलं, कारण तिने एक शब्द बदलला नव्हता. वडिलांनी तेवढं पान फाडून नेलं. मला त्या घराशी बोलायला बंदी आहे, म्हणून डावं पान मी मागू शकत नाही. मी सांगते त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. निकाल विरुद्ध गेला तर नोकरी जाईल आणि पुन्हा कुठल्याही सरकारी शाळेत उभं राहता येणार नाही. मला दुसरं काही येत नाही, मामी, आणि यायला नकोही आहे.

मामांना थांबवू नका. मी आहे हे कळलं तर ते एका क्षणात बाजू बदलतील, आणि मग आयुष्यभर त्यांना वाटेल, भाचीपायी देवाला सोडलं. ते मला त्यांच्याकडून नको. त्यांनी यावं, बसावं, ऐकावं.

जेवते. मुळीच नीट नाही, पण जेवते.

तुमची ठमी

२ मार्च

ठमे,

दहा दिवस पेन हातात घेतोय आणि ठेवतोय. त्या दिवशी तुझ्याशी न बोलता मी बसमध्ये जाऊन बसलो. तू बसच्या खिडकीपर्यंत आलीस ते पाहिलं होतं. मान वळवली नाही. मला लाज वाटत होती आणि तुझा रागही आला होता. दोन्ही एकदम आल्यावर माणसाने कुठे बघायचं?

दार उघडलं, तू फाइल छातीशी धरून आत आलीस, तेव्हा मला वाटलं तू साक्षीला आलीस. मग चौकशी अधिकारी बाईंनी तुझं नाव वाचलं. माझ्या शेजारी अध्यक्ष हळूच म्हणाले, हीच ती. ठमे, मला बाक सोडून उठायचं होतं. उठलो नाही.

पुढचं तू पाहिलंसच, पण माझ्या बाजूने कसं दिसलं ते लिहितो. बाईंनी पानं उलटली, कोऱ्या पानावर थांबल्या, पेन्सिलीचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, हे कुणी लिहिलं. तेव्हा उठलो. म्हटलं, मी बाइंडर आहे. हे पान वहीच्या मधल्या कागदाचा अर्धा भाग आहे, डावा अर्धा याच्यासोबत नाही. त्यांनी विचारलं, नसल्याने काय फरक पडतो? मी म्हटलं, ते मला माहीत नाही. मी वाचलेलं नाही. हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. तीनशे बारा सह्या गोळा करणारा माणूस भर सभेत सांगतोय की त्याने वाचलेलं नाही.

मग त्या मुलीची आई उठली. नवऱ्याकडे न बघता पर्समधून घडी घातलेलं पान काढलं आणि म्हणाली, हे माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे, मला कुणी विचारलं नाही. बाईंनी दोन्ही तुकडे टेबलावर जुळवले. गंजाचे ठिपके समोरासमोर आले. त्यांनी डावीकडून वाचायला सुरुवात केली. आजीची प्रार्थना वाचली तेव्हा आमच्या बाकावर दोघांनी हात जोडले. मग फ्यूज आला आणि समोरचे हसले. मग आमच्यातलाही एक हसला.

तू सुटलीस. वर्ग परत मिळाला. मामीने घरी आल्यावर सांगितलं की तिला सगळं आधीच ठाऊक होतं. दोन बायकांनी मिळून मला पंधरा दिवस खुळ्यासारखा फिरवला. का सांगितलं नाहीस? मी परका होतो का?

मामा

९ मार्च

ती. मामा,

परके असतात त्यांना सांगायला काही वाटत नाही. मी हेडमास्तरांना सांगितलं, चौकशी कार्यालयाला चार वेळा लिहून दिलं. तुम्हाला लिहायला बसले की हात थांबायचा. ‘ती मी आहे’ असं लिहिलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी खोटंसुद्धा बोलला असता, आणि मला खरं हवं होतं. ते तुम्ही कोरं पान घालून दिलंत, ती मी आहे हे न कळता. त्या दिवशी तुम्ही ‘मी वाचलेलं नाही’ म्हणालात ना, त्या सभागृहात तेवढं अवघड वाक्य दुसऱ्या कुणी बोललं नाही.

खिडकीशी मात्र तुम्ही वळायला हवं होतं. ते मला लागलं. लागलं हे लिहून टाकते म्हणजे विषय संपला.

सोमवारी वर्गात गेले. चाळीसच्या चाळीस हजर होते. टकळीने उठून जाहीर केलं की बाई नव्हत्या तेव्हा भागाकार कुणालाच नीट आला नाही आणि यात तिचा काही दोष नाही. तिचे वडील तिला सोडायला आले होते. माझ्याशी बोलले नाहीत, पण नवी वही तिच्या हातात दिली आणि ती नीट धर म्हणाले.

ठमी

३० मार्च

ठमे,

वळायला हवं होतं. चुकलो.

निकाल लागला तरी अर्ज खात्याकडेच आहे, आणि नियमाने त्यावरची सही मागे घेता येते, एका मागणीपुरतीही. मी पहिल्या मागणीवर ठेवली. शाळेत प्रार्थना असावी असं मला आजही वाटतं आणि ते तुझ्यासाठी बदलणार नाही. दुसऱ्या मागणीवरची खोडली. मग मनात आलं, माझी एक खोडून काय होतं, बाकीच्या मीच आणल्यात. म्हणून दोन्ही अर्धी पानं जोडलेली एक छायाप्रत घेतली आणि पहिल्या दारापासून पुन्हा सुरुवात केली.

दोघांनी दार उघडलं नाही. एकाने मला फितूर म्हटलं. त्याला पाणी मागितलं, ते मात्र त्याने दिलं. किराणावाल्याने सगळं वाचलं आणि म्हणाला, तरी काढायलाच हवी होती. ठीक, त्याचं मत त्याच्यापाशी, पण आता वाचून आहे. सगळ्यात वाईट गेलं ते शिंपीणबाईंच्या घरी. त्या वाचून झाल्यावर म्हणाल्या, “मामा, तेव्हाही मला विचारायचं होतं, कुठली बाई, काय केलं तिनं. पण तुम्ही कागद घेऊन आलात, म्हणजे तुम्ही बघितलंच असेल.”

मी जिना उतरून खाली आलो. लोक माझ्या शब्दावर सही करतात याचा मला अभिमान होता, ठमे. आता त्याची भीती वाटते. पण भीती वाटली म्हणून घरी बसलो नाही. आजपर्यंत एकशे नव्वद घरं झाली, एकाहत्तर जणांनी दुसरी मागणी खोडली. मामी म्हणते, सह्या घेताना झिजवल्या त्याच चपला आता खोडताना झिजवा, नव्या आणणार नाही. अध्यक्ष रस्त्यात दिसले की पलीकडच्या फुटपाथवर जातात. पण परवा त्यांच्या सूनबाई दुकानात आल्या आणि ती छायाप्रत मागून घेऊन गेल्या.

मामा

६ एप्रिल

ती. मामा,

चपला मी आणते, मामींना सांगू नका.

काल खात्याचं पत्र आलं. धड्याचं काय करायचं हे ठरवायला पुढच्या महिन्यात लोकांचं म्हणणं ऐकणार आहेत. दोन्ही बाजूंची माणसं बोलवायची आहेत आणि शाळेने दोन नावं सुचवायची आहेत. एक नाव माझं आहे. मी म्हणणार, मुलांना सगळ्या घरांच्या प्रार्थना कळू द्या, पण पाठ करायला लावू नका आणि मार्क देऊ नका.

दुसऱ्या बाजूसाठी हेडमास्तरांनी तुमच्या अध्यक्षांचं नाव काढलं होतं. मी तुमचं दिलं. ते म्हणाले, बाई, हे तर तुम्हाला काढायला निघालेले गृहस्थ. मी म्हटलं, हो, आणि माझे मामा. तुम्ही तिथे येऊन सांगा, तिसरीत असताना पांघरुणात तोंड घालून काय म्हणायचात आणि त्याने काय झालं. प्रार्थनेच्या बाजूने मी आजवर जेवढं ऐकलं, त्यात तेवढं खरं दुसरं काही नाही. ते माझ्या मुलांच्या वाट्याला कसं यावं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. तुम्ही बोललात तर कदाचित सापडेल. मी तुमचं सगळं खोडायचा प्रयत्न करणार आहे, तेव्हा तयारीने या.

आदल्या दिवशी माझ्याकडे उतरा. सकाळी साडेसातची बस आहे, दोन तासांचा रस्ता. दोन जागा शेजारीशेजारी सांगून ठेवल्या आहेत, खिडकीची तुमची.

तुमची ठमी